आत्याचं विमान आणि बाबांचा सांधा

मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. आमच्या गाडीला माझ्या बाजूलाही एक ब्रेक असतो आणि शेजारी शिकाऊ माणूस बसला की माझा पाय त्यावर तयारच असतो. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की घरी कुणी वेड्यासारखं बोलायला लागलं तरी माझा पाय आपोआप फरशी दाबतो. गेल्या वर्षी मी फरशी फार दाबली, आणि त्याला कारण माझे स्वतःचे बाबा. पण आधी आत्याबद्दल सांगितलं पाहिजे, कारण गोष्ट तिची आहे आणि त्या सगळ्या प्रकरणात तिलाच कुणी काही विचारलं नाही.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लहानपणीच्या एका तापात तिच्या दोन्ही पायांतली ताकद गेली ती गेलीच. घरात ती ऑफिसातल्या चाकाच्या खुर्चीवरून फिरते, तीही इतक्या वेगानं की वळणावर आपणच अंग चोरून उभं राहायचं. हातात कला आहे, जीभ तिखट आहे, आणि फुकटची कीव करणाऱ्या माणसाला ती दोन वाक्यांत घराबाहेर काढते. एका लांबच्या काकूनं 'बिचारी' म्हटल्यावर आत्यानं तिच्या पर्सची तुटलेली चेन दाखवून विचारलं होतं, हे असं उघडं घेऊन फिरताय, बिचारं कोण?

चेन हाच आत्याचा धंदा. बॅगांच्या, जॅकेटच्या, पर्सच्या चेना. हल्ली लोक सगळं फेकून देतात, फोन फेकतात, फर्निचर फेकतात, पण आवडत्या बॅगेची चेन गेली की त्यांच्या जिवावर येतं. पूर्वी ती घरीच बसून काम करायची. मग बाबांच्या डोक्यात आलं की गिऱ्हाइकांनी हिच्याकडे येण्यापेक्षा हीच त्यांच्याकडे का जाऊ नये. बाबा वेल्डर. त्यांचं दुकान आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. त्यांनी एक मोडकी स्कूटर आणली, दवाखान्यातल्या भंगारात काढलेल्या खाटेची चाकं आणि चौकट आणली, बंद पडलेल्या सरबताच्या गाड्यावरची छत्री आणली, आणि महिनाभर ठोकाठोक करून एक वाहन उभं केलं. पुढून स्कूटर, मागून टपरी. ब्रेक, गिअर सगळं हातात. मधोमध शिलाई मशीन, बाजूला चेनांच्या रिळांचा दांडा, आणि चेन उघडायचे-लावायचे रनर ठेवायला खोबणी केलेला ट्रे.

रस्त्यातल्या लोकांनी त्याचं नाव विमान ठेवलं. आज विमान उशिरा उतरलं वाटतं, असं इस्त्रीवाला रोज न चुकता म्हणायचा आणि रोज स्वतःच हसायचा. अनोळखी माणसं फोटो काढायची. लहान मुलं विचारायची, याला पंख कधी फुटणार. आत्याला या चेष्टेचं काही वाटायचं नाही, कारण चेष्टा करणारा थांबायचा, आणि थांबलेल्या माणसाची एखादी तरी चेन बिघडलेली असायचीच. ऑफिसांच्या इमारती, कॉलेज, बसचा थांबा असा तिचा ठरलेला फेरा होता. घरोघर डबे-पार्सलं पोचवणारे तर तिचे हक्काचे गिऱ्हाईक, त्यांच्या त्या मोठ्या चौकोनी बॅगांच्या चेना आठवड्याला मान टाकतात. गाडीला रीतसर परवाना होता. बाबांनी कचेरीत खेटे घालून तो मिळवला होता आणि ती गाडी म्हणजे त्यांच्या आयुष्याची कमाई होती. पाहुणे आले की चहाच्या आधी गाडी दाखवायचे. इथं हात लावा, हा सांधा बघा, हत्ती बसवा याच्यावर.

हा सांधा बाबांचा जीव की प्राण. माझे बाबा एरवी भला माणूस. पण त्यांच्या वेल्डिंगला कुणी बोट लावलं की त्यांचं डोकं जागेवर राहत नाही. रस्त्याच्या पलीकडे आणखी एक वेल्डर आहे, त्याला आम्ही घरात नुसतं 'समोरचा' म्हणतो. बाबांच्या मते त्याचं वेल्डिंग म्हणजे गजाला पुसलेला शेंबूड. एकदा एका गिऱ्हाइकानं दोघांच्या कामाची तुलना केली, तेव्हापासून दोघांची बोलाचाल बंद. समोरासमोर शटर उघडतात आणि एकमेकांकडे न बघता दिवस काढतात.

अपघात झाला भर दुपारी. आत्या ऑफिसांच्या रस्त्यानं हळूहळू चालली होती, कडेला गाड्या उभ्या होत्या. त्यातल्या एका गाडीचं दार एकदम उघडलं. आत बसलेला गृहस्थ फोनवर बोलत होता, त्यानं ना आरशात पाहिलं ना मागं. विमानाचं हँडल दारात अडकलं, गाडी आडवी झाली, आत्या हातावर पडली आणि तिचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. रिळं सुटून रस्ताभर गेली. हे मला तिथल्या एका पार्सलवाल्यानं सांगितलं, त्यानंच तिला दवाखान्यात नेलं. तो गृहस्थ खाली उतरून आधी काय बघत होता, तर आपल्या दाराची बिजागरी. मी त्याला दारवाला म्हणते आणि याहून सभ्य नाव मला सुचत नाही.

आम्ही दवाखान्यात पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता. कुणा महाभागानं पुढचं सगळं चित्रित केलं होतं: आडवी झालेली गाडी, गडगडणारी रिळं, छत्रीखालून उठायची धडपड करणारी माझी आत्या. वर गमतीशीर संगीत, आणि खाली लिहिलेलं, विमान कोसळलं. दार त्या व्हिडिओत नव्हतंच. माझ्या स्कूलमधल्या एका शिकाऊ मुलीनं तो मला हसत हसत दाखवला. मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली आणि खाली उतरून पाच मिनिटं पायी चालले, नाहीतर माझ्या तोंडून काय निघालं असतं कुणास ठाऊक.

मग रस्ता बोलायला लागला. इस्त्रीवाला म्हणाला, मी तर कधीपासून म्हणत होतो. तो असलं कधीच काही म्हणाला नव्हता, तो फक्त हसत होता. वाण्याच्या दुकानात चर्चा, की हल्लीच्या रहदारीत असली घरगुती वाहनं म्हणजे विषाची परीक्षा. शेजारच्या निवृत्त बाईंना वाटलं की कंपनीची गाडी असती तर असं झालं नसतं. आता ज्यानं दार उघडलं त्याची गाडी कंपनीचीच होती, चांगली चकचकीत, पण हे कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ. नेहमीसारखी दिसणारी गाडी चुकत नाही आणि वेगळी दिसणारी गाडी उभी असली तरी गुन्हेगार, असा लोकांचा न्याय. मी रोज असल्याच न्यायाधीशांना क्लच शिकवते.

वाहतूक कचेरीतून बाबांना बोलावणं आलं, कारण गाडी त्यांनी बनवलेली. मी बरोबर गेले. आत्या अजून दवाखान्यातच होती. कचेरी वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, साहेबांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या आणि त्यातल्या एकीत दारवाला आधीच बसलेला. त्याच्यापुढं पाण्याचा ग्लासही ठेवलेला होता. साहेब वाईट माणूस नव्हते, फक्त कंटाळलेले होते. त्यांनी बाबांना विचारलं, वाहन घरी जोडलेलं आहे, एखादा सांधा निसटून ब्रेक निकामी झाला असेल का?

दार कसं उघडलं हे विचारायच्या ऐवजी साहेबांनी सांध्याचं विचारलं. आणि माझे बाबा, ज्यांनी या बहिणीला सगळं बालपण खांद्यावरून फिरवलं, ते ताठ होऊन म्हणाले, "माझा सांधा निसटत नाही साहेब. तिनंच ब्रेक उशिरा दाबला असेल. ती जरा घाईतच असते."

माझा पाय फरशीवर इतक्या जोरात आपटला की कारकुनानं मान वर केली. मी बोलायला तोंड उघडलं तर साहेब म्हणाले, तुम्ही नंतर. ते नंतर काही आलं नाही. दारवाल्यानं मान डोलावली, तो पाणी प्याला, आणि कारकुनानं बाबांचा जबाब वाचून दाखवला. बाबांनी तो मन लावून ऐकला. सांधा मजबूत होता हे त्यात आलंय ना, एवढंच त्यांनी विचारलं.

निकाल व्हायचा तोच झाला. दोष आत्याचा, परवाना स्थगित. म्हणजे हात बरा झाला तरी विमान रस्त्यावर आणायचं नाही. आत्यानं पुन्हा घरात बसायचं, आणि कुणी आलं तर चेन लावून द्यायची.

मी बाबांशी बोलणं टाकलं. आईनं मध्यस्थी करून पाहिली, म्हणाली, तोंडातून निघून गेलं असेल गं. मी म्हटलं, निघून गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी परत घेता आलं असतं. बाबा मात्र स्वतःला समजावत होते. आता वय झालंय तिचं, घरी बसू दे, मी घरातच मोठं टेबल करून देतो, असं ते जेवताना भिंतीला उद्देशून सांगायचे. मोडलेली गाडी त्यांनी दुकानामागं ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती आणि दुरुस्तीचं नाव काढत नव्हते. आत्याला मी काही सांगितलं नाही. सांगायची लाज वाटली, आणि लाज कुणाची, तर बापाची.

सांगितलं दारवाल्यानं. आत्या घरी आल्यावर तो भेटायला आला, हातात गुलदस्ता. एक बॅटरीची चाकाची खुर्ची द्यावी असं त्याच्या मनात होतं, देताना एखादा फोटो काढला तर आत्याची हरकत नसावी अशी आशाही होती. बोलता बोलता त्यानं बाबांचं कौतुक केलं. तुमचे बंधू फार सरळ, त्यांनीच सांगून टाकलं की ब्रेक उशिरा लागला, नाहीतर उगाच वाद वाढला असता. आत्यानं त्याचं सगळं ऐकून घेतलं, फोटोला नको म्हटलं, खुर्चीला नको म्हटलं आणि गुलदस्ता परत दिला. तो निघून गेला.

मग तिनं मला विचारलं, दादा असं म्हणाला? मी हो म्हटलं. तिनं मोडका हात मांडीवर नीट ठेवला. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग ती म्हणाली, "उद्या रजा घे. गाडी समोरच्याकडे न्यायचीय."

बाबांनी बनवलेली गाडी समोरच्याकडे. आमच्या रस्त्यात याहून मोठी शिवी नाही, आणि ती आत्यानं पूर्ण विचार करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताडपत्री काढली, विमान दोरानं स्कूलच्या गाडीला बांधलं, आत्याला शेजारी बसवलं आणि रस्ता ओलांडला. अंतर इतकं कमी की पहिल्या गिअरमधून गाडी बाहेर काढावी लागली नाही. इस्त्रीवाल्याच्या हातातली इस्त्री तशीच राहिली आणि कुणाचा तरी शर्ट करपल्याचा वास आला. बाबा शटरखाली उभे होते. त्यांचा चेहरा बघून मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगते, बरं वाटलं.

समोरचा उगाच बोलणारा माणूस नाही. त्यानं हातातलं ग्रिल बाजूला ठेवलं, गाडीभोवती दोनदा फिरला, खाली वाकून हँडलखालची पट्टी पुसली, ब्रेकची दांडी ओढून पाहिली. या गाडीत खोट काढायची संधी त्याला इतक्या वर्षांनी मिळाली होती, आणि त्यानं ती प्रामाणिकपणे शोधलीही. शेवटी तो उठला आणि जरा अनिच्छेनंच म्हणाला, सांधे सगळे शाबूत आहेत, पाइप वाकून फाटलाय, दाराच्या मारानं. ब्रेकला काही झालेलं नाही.

बाबांनी पलीकडून ऐकलं. ते ताडताड चालत रस्ता ओलांडून आले, समोरच्याच्या दुकानात त्यांचं पाऊल इतक्या वर्षांत पडलं नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांना काय बोलायचं सुचावं?

"सांगितलं होतं ना मी? माझा सांधा तुटणार नाही."

समोरच्यानंसुद्धा मान खाली घातली. आत्यानं गाडीची काच खाली केली. ती चढ्या आवाजात बोलली नाही, पण ग्राइंडर बंद होता आणि सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं.

"हो दादा, सांधा नाही तुटला. हात तुटलाय. तो तू अजून धड बघितला नाहीस. सांध्याला कुणी नाव ठेवू नये म्हणून मला नावं ठेवलीस तू. मी इतकी वर्षं तुझ्या सांध्यावर बसून भर रहदारीत फिरले. एकदा तरी विचारलं का तुला, टिकेल ना रे म्हणून? आणि तुला एका दुपारपुरता माझा भरवसा धरायचा होता, तर तेवढं जमलं नाही."

बाबा म्हणाले, मला वाटलं की... तिनं विचारलं, तू त्या वेळी कुठं होतास? बाबा म्हणाले, दुकानात. "मग साहेबांना तेवढंच सांगायचं होतं," आत्या म्हणाली आणि तिनं काच वर केली.

माझे बाबा असे उभे राहिलेले मी कधी पाहिले नव्हते. मोठं माणूस ओरडण्यानं नाही ढासळत. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तिच्या प्लास्टरकडे, आणि हात पॅन्टला पुसत राहिले, पुसण्यासारखं काही नसताना. मग मला म्हणाले, कचेरीत सोड मला. मी म्हटलं, आत्याही येईल. तिच्याशिवाय आता कुणी कुठं जाणार नाही.

कचेरीपाशी आत्या गाडीतच बसली, कारण तो जिना. बाबा आणि मी वर गेलो. साहेबांनी ओळखलं, आणि कशाला आलो ते ऐकून कपाळाला आठ्या घातल्या. जबाब असा पाहिजे तेव्हा बदलता येत नाही, म्हणाले. खोलीत बरीच माणसं होती, दंड भरायला आलेली, परवाना नव्यानं काढायला आलेली. बाबांनी त्या सगळ्यांसमोर सांगितलं, "मी खोटं बोललो साहेब. माझ्या कामाला बट्टा लागू नये म्हणून बोललो. मी तिथं नव्हतो. बहीण होती, ती खाली बसलीय. तेव्हा दवाखान्यात होती, आता तिला वर येता येत नाही, आणि तिला कुणी विचारलंच नाही. तुम्ही खाली चला."

साहेब म्हणाले, असं करता येत नाही. बाबा म्हणाले, मग मी इथंच बसतो. आणि ते खरंच बसले, ज्या खुर्चीत दारवाला बसला होता तीत. रांगेतल्या एका बाईनं मोठ्यानं म्हटलं, अहो, जाऊन या की दोन मिनिटं. दुसरं कुणीतरी म्हणालं, आम्ही थांबतो. साहेबांनी टोपी घातली. कारकून कागद घेऊन मागोमाग उतरला.

आत्यानं सगळं सांगितलं, सावकाश, कुठली गाडी कुठं उभी होती इथपासून. परवाना परत मिळायला नंतर पुष्कळ खेटे पडले, पण मिळाला. दारवाल्याला काय शिक्षा झाली ते आम्हाला कुणी कळवलं नाही आणि तो व्हिडिओ अजूनही कुठंकुठं फिरतो. पण त्या दिवशी साहेबांनी विचारलं, ब्रेक नक्की कधी दाबला? तेव्हा आत्या म्हणाली, "दार उघडलं तेव्हा. त्याच्या आधी दाबायला मला काही कारण नव्हतं." कारकुनानं ते जसंच्या तसं लिहिलं.

परत येताना बाबा मागच्या सीटवर होते. आमच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले की समोरच्यानं नुसता पाइप बदलावा, पुढचं सगळं मी करतो, आता दुप्पट जाडीचं घालतो, परत कुणी बोट दाखवणार नाही असं.

"राहू दे दादा," आत्या म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "तू बनवलीस की परत तुला गाडीचीच बाजू घ्यावी लागेल."

मी गाडी समोरच्याच्या दारात उभी केली. बाबा मागचं दार उघडून उतरले, माझ्याकडे किंवा तिच्याकडे न बघता रस्ता ओलांडून दुकानात गेले, आणि त्या दिवशी त्यांनी काम केलं नाही.